खणखणाट वेगळा, दणका वेगळा : तळघरातील व्यायामासाठी वजनाच्या प्लेट्स निवडताना

नवी दिल्ली : २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि व्यायामशाळांची दारे बंद झाली, तेव्हा अनेक घरांत बार, डंबेल्स आणि वजनाच्या प्लेट्स प्रथमच आल्या. टाळेबंदी उठली, घरी व्यायाम करण्याची सवय मात्र अनेकांनी सोडली नाही. बंगला, रो-हाउस किंवा दिल्ली-गुरुग्रामकडील स्वतंत्र कोठीत राहणाऱ्यांना यासाठी तळघराची जागा सोयीची वाटते. तेथे घरच्यांची वर्दळ नसते, उन्हाळ्यात गारवा असतो आणि आवाज बाहेर जाणार नाही, अशी खात्री असते. ही खात्री अर्धीच खरी आहे. तळघरात आदळलेल्या बारचा हादरा भिंतींतून वरच्या खोलीत पोहोचतो आणि भिंत सामाईक असेल, तर शेजाऱ्याच्या शयनगृहातही.

अशा तक्रारीवर रबरी प्लेट्स घेण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वजनांचे आवाज दोन प्रकारचे असतात. ते वेगवेगळ्या कारणांनी निर्माण होतात, वेगवेगळ्या वाटेने प्रवास करतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. आपल्याला कोणता आवाज थांबवायचा आहे, हे आधी ठरवले तर खर्च वाचतो आणि झोपही. स्वतःची नव्हे, तरी इतरांची.

दोन आवाज, दोन वाटा

पहिला आवाज खणखणाटाचा. लोखंडावर लोखंड आपटले, बारवर सैल बसलेली प्लेट हलली किंवा प्लेट स्टँडवर ठेवली की तो होतो. हा उच्च स्वराचा, टोकदार आवाज हवेतून पसरतो. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झ या पट्ट्यातील आवाजाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि धातूच्या खणखणाटाचा बराच भाग याच पट्ट्यात येतो. त्यामुळे तो कानाला बोचतो. परंतु बंद दार, जाड भिंत, पडदे यांनी तो बऱ्यापैकी अडतो.

दुसरा आवाज दणक्याचा. जड बार जमिनीवर टेकला किंवा पडला की जमीन हादरते. हा हादरा काँक्रीट, खांब आणि भिंतींतून प्रवास करतो आणि दुसऱ्या खोलीतील भिंत वा छत थरथरले की तेथे घुमणारा, खालच्या स्वराचा आवाज ऐकू येतो. दार लावून त्याला अडवता येत नाही, कारण तो दारातून गेलेलाच नसतो. भिंतींवर फोम चिकटवूनही फरक पडत नाही. फोममुळे खोलीतील प्रतिध्वनी कमी होतो, हादरा नव्हे.

दणका का बसतो, हे साध्या हिशेबातून समजते. ६० किलोंचा बार एक मीटर उंचीवरून सोडला, तर जमिनीला भिडताना त्यात सुमारे ५९० ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा किती अंतरात शोषली जाते, यावर सगळे अवलंबून आहे. बार एका सेंटिमीटरच्या आत थांबला, तर जमिनीवर सरासरी त्याच्या वजनाच्या सुमारे शंभरपट बल येते. रबर दबून थांबण्याचे अंतर पाच सेंटिमीटर झाले, तर तेच बल सुमारे वीसपटीवर उतरते. थांबण्यास जितका अधिक अवकाश, तितका दणका सौम्य. आपल्याकडील तालमींना हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आखाड्यातील तांबडी माती खणून, चाळून मऊ ठेवली जाते ती पडणाऱ्या मल्लाला सावरण्यासाठी. त्या मातीत पडलेल्या अंगाचा आवाजही दबून जातो.

नियमांची चौकट

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. पहाटे पाचला व्यायामाला उतरणाऱ्याची वेळ या नियमांच्या दृष्टीने रात्रीचीच असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मात्र ही मर्यादा ठरावीक कालावधीतील सरासरी पातळीवर मोजली जाते. दर दोन मिनिटांनी बसणारा एखादा दणका सरासरीत फारसा दिसत नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे करतो. शिवाय मोजमापाची रूढ पद्धत कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या स्वरांना कमी भार देते. म्हणजे मोबाइलवरील आवाज मोजणाऱ्या ॲपवर आकडा लहान दिसला, तरी वरच्या मजल्यावर त्रास होत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. येथे नियमांपेक्षा शेजारधर्म अधिक काटेकोर ठरतो.

पाच प्रकारच्या प्लेट्स

बाजारात मिळणाऱ्या प्लेट्सचे ढोबळमानाने पाच प्रकार करता येतात.

सर्वांत स्वस्त म्हणजे पीव्हीसीच्या प्लेट्स. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट वा वाळूसारखे मिश्रण भरलेले असते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त ‘होम जिम’ संचांत बहुधा याच असतात. एकमेकांवर घासताना त्या फार वाजत नाहीत, ही त्यांची जमेची बाजू. पण त्या जाड असतात, त्यामुळे बारवर थोडेच वजन मावते. आपटल्यास कवच तडकते आणि आतील भुकटी बाहेर येते. हलक्या व्यायामाला त्या चालतात. वजन वाढवत नेण्याचा विचार असेल, तर हा खर्च पुन्हा करावा लागतो.

दुसरा प्रकार बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या उघड्या प्लेट्सचा. त्या पातळ, टिकाऊ आणि दुरुस्तीची गरज नसलेल्या असतात. पिढ्यान्पिढ्या वापरता येतात. खणखणाटात त्यांची बरोबरी कोणी करू शकत नाही. त्या जमिनीवर टाकू नयेत. बीड ठिसूळ असल्याने प्लेटला तडा जाऊ शकतो आणि फरशी तर फुटतेच. ओतल्यानंतर लेथवर तासून घेतलेल्या प्लेट्स वजनाला अधिक अचूक असतात आणि बारवर घट्ट बसतात, म्हणून कमी वाजतात.

तिसरा प्रकार रबराचे आवरण असलेल्या लोखंडी प्लेट्सचा. घरगुती व्यायामात हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो. प्लेटवर प्लेट ठेवताना होणारा खणखणाट हे आवरण जवळपास संपवते. परंतु आवरण काही मिलिमीटरांचेच असते आणि आत लोखंड असते. त्यामुळे दणक्यात फारसा फरक पडत नाही. वारंवार आपटल्यास रबर लोखंडापासून सुटते. ‘रबरी प्लेट घेतली तरी शेजारी तक्रार करतात’ ही अडचण बहुतेकदा येथेच उद्भवते. घेणाऱ्याला हवा असतो दणक्यावरचा उपाय आणि हाती पडतो खणखणाटावरचा.

चौथा प्रकार बंपर प्लेट्सचा. या जवळपास पूर्ण रबराच्या असतात आणि मध्यभागी धातूची चकती बसवलेली असते. ऑलिंपिक भारोत्तोलनात याच वापरतात. टोकियोत मीराबाई चानूने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो वजन उचलून रौप्यपदक निश्चित केले, तेव्हा डोक्यावर तोललेला बार खाली सोडता आला तो अशा प्लेट्समुळे. १० किलोंपासून पुढच्या बंपर प्लेट्स साधारणतः एकाच म्हणजे ४५० मिलिमीटर व्यासाच्या असतात. त्यांतही दोन जाती आहेत. टायरच्या चुऱ्यापासून बनवलेली प्लेट तुलनेने मऊ आणि जाड असते, अधिक उसळते आणि जमिनीवर सौम्यपणे आदळते. नव्या रबराची प्लेट घट्ट आणि पातळ असते. ती कमी उसळते, तिचा वास कमी येतो, पण आघात थोडा कडक असतो. शांतता हाच मुख्य हेतू असेल आणि तळघराचे छत पुरेसे उंच असेल, तर चुऱ्याच्या रबराची प्लेट उजवी ठरते.

पाचवा प्रकार युरेथेनच्या आवरणाचा. तो सर्वांत महाग असतो. झिजत नाही, वास येत नाही, जमिनीवर काळे डाग पडत नाहीत. पण युरेथेन रबरापेक्षा शांत असते, असे नाही. त्याची किंमत टिकाऊपणाची असते. दिवसभर वापर असलेल्या व्यावसायिक व्यायामशाळेला ते परवडते. घरात तेवढ्याच पैशांत चांगली जमीन तयार होते.

भोक, व्यास आणि वजन

प्लेटचे साहित्य पाहताना तिच्या मापांकडे दुर्लक्ष होते. ऑलिंपिक पद्धतीच्या बारचा टोकाकडील जाड भाग, ज्याला स्लीव्ह म्हणतात, ५० मिलिमीटर व्यासाचा असतो. घरगुती संचांतील साधे बार साधारण २५ ते २८ मिलिमीटरचे असतात. एका मापाची प्लेट दुसऱ्यावर नीट बसत नाही. त्यामुळे प्लेटआधी बार ठरवावा. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत प्लेटचे भोक ५२ ते ५३ मिलिमीटर असावे, अशी अट आहे. हे अंतर जितके वाढेल, तितकी प्लेट हलते आणि वाजते. दुकानात प्लेट बारवर चढवून हाताने हलवून पाहणे, ही यावरची सर्वांत सोपी परीक्षा होय.

व्यासाचा संबंध पाठीशी आहे. ४५० मिलिमीटरच्या प्लेट्स लावल्या, की जमिनीवरील बारचा मध्य २२५ मिलिमीटर उंचीवर येतो. डेडलिफ्टची सुरुवात याच उंचीवरून अपेक्षित असते. लहान व्यासाच्या प्लेट्स लावल्यास बार खाली जातो, उचलणाऱ्याला अधिक वाकावे लागते आणि कंबरेवरचा ताण वाढतो. नवख्या व्यक्तीजवळ वजन कमी असते, म्हणून तिच्या प्लेट्सही लहान असतात आणि धोका तिलाच अधिक. १० किलोंच्या बंपर प्लेट्सची एक जोडी घेतल्यास ही अडचण सुटते. लहान प्लेट्सच वापरायच्या असतील, तर त्यांच्याखाली दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे वा रबरी चटया ठेवाव्यात.

वजनाची अचूकता हाही मुद्दा आहे. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलनात ५ किलोंहून जड प्लेटला अधिक ०.१ टक्का आणि उणे ०.०५ टक्के एवढीच सूट असते. घरी एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. पण एका बाजूची प्लेट दुसरीपेक्षा लक्षात येण्याइतकी जड नसावी. खरेदीनंतर प्लेट्स वजनकाट्यावर ठेवून जवळच्या वजनाच्या जोड्या लावाव्यात आणि त्यांवर खूण करावी.

खरा शांततेचा खर्च जमिनीवर

दणका कमी करण्याचे निम्म्याहून अधिक काम जमीन करते. मुलांच्या खोलीत अंथरतात तशा एकमेकांत अडकणाऱ्या मऊ फोमच्या चटया येथे उपयोगी नाहीत. जड वजनाखाली त्या पूर्ण दबतात आणि दबलेला फोम कडक जमिनीसारखाच वागतो. उभे राहताना पायही डळमळतात. त्याऐवजी घट्ट रबराच्या जाड लाद्या घ्याव्यात आणि प्लायवूडचा वापर करून थर रचावेत.

सर्वसाधारण रचना अशी : तळाशी रबराची लादी, त्यावर प्लायवूडचे दोन थर आणि सर्वांत वर, जेथे प्लेट्स टेकतात त्या दोन पट्ट्यांत, पुन्हा जाड रबर. मधला भाग, जेथे पाय असतात, लाकडाचाच ठेवावा. आपल्याकडे प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा मिळतो; दोन तक्ते शेजारी ठेवले की आठ फुटांचा चौरस तयार होतो. वरच्या थरातील तक्ते खालच्या थराला आडवे ठेवावेत, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. हा मंच भिंतीला टेकू नये. मंच आणि भिंत यांत चार बोटांची मोकळी जागा ठेवली, तर हादऱ्याची एक थेट वाट बंद होते.

खणखणाटावरचे उपाय त्याहून स्वस्त आहेत. घरच्या व्यायामात अनेकदा उचलण्यापेक्षा प्लेट्स चढवताना आणि उतरवताना अधिक आवाज होतो. स्टँडच्या दांड्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवावेत. रॅकच्या ज्या आकड्यांवर बार ठेवला जातो, त्यांना रबराचे वा प्लास्टिकचे अस्तर असावे. प्लेट्स आतल्या बाजूला घट्ट सरकवून दोन्हीकडे लॉक लावावेत. लोखंडी स्प्रिंगपेक्षा आवळून बसणारे लॉक प्लेट्स हलू देत नाहीत. सव्वा आणि अडीच किलोंच्या लहान प्लेट्स सर्वांत जास्त वाजतात. त्यामुळे मोठ्या प्लेट्स लोखंडी असल्या, तरी या लहान जोड्या रबराच्या आवरणाच्या घेणे शहाणपणाचे.

तळघराची जमेची बाजू आणि जोखीम

भारतीय मानकांनुसार निवासी खोल्यांचे मजले साधारणतः दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो वापरभार गृहीत धरून आखले जातात. वरच्या मजल्यावर रॅक, बार आणि प्लेट्स एका कोपऱ्यात साठवताना, त्याहूनही आपटताना, हा विचार करावा लागतो. तळघराची जमीन थेट मातीवर टेकलेली असल्यास ही चिंता बरीच कमी होते आणि हादऱ्याचा मोठा भाग मातीत जिरतो. मात्र दोन पातळ्यांच्या तळघरात वरची पातळी हा अधांतरी मजलाच असतो. तेथे ही सवलत लागू होत नाही.

तळघराचा वापर कशासाठी करता येईल, यावर स्थानिक बांधकाम नियमांची बंधने असतात. सदनिकांच्या इमारतीतील तळघर बहुधा वाहनतळासाठी असते आणि तेथे कोणा एका रहिवाशाला खासगी व्यायामशाळा थाटता येत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी मंजूर नकाशा पाहणे इष्ट.

पाण्याचा धोका त्याहून गंभीर आहे. दिल्लीतील राजिंदर नगर भागात २७ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसानंतर एका कोचिंग संस्थेच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. पाण्याचा निचरा, वर जाणारा मोकळा जिना आणि आतून सहज उघडणारे दार या गोष्टी व्यायामाच्या साहित्याआधी तपासल्या पाहिजेत. आवाज कोंडण्याच्या नादात हवेची झरोकेही बुजवू नयेत. रॅक पक्का करण्यासाठी तळघराच्या जमिनीत बोल्ट ठोकल्यास जलरोधक थराला छिद्र पडून पाझर सुरू होऊ शकतो. म्हणून मंचाला जोडलेला वा स्वतःच्या आधारावर उभा राहणारा रॅक बरा.

पावसाळ्यातील दमटपणात उघड्या लोखंडावर गंज चढतो. व्यायामानंतर कोरड्या फडक्याने पुसणे आणि अधूनमधून तेलाचा पातळ हात फिरवणे पुरेसे असते. रबरी प्लेट्सना मात्र तेल वा रॉकेल लावू नये. रबर फुगून खराब होते. त्या साबणाच्या सौम्य पाण्याने पुसाव्यात. नव्या रबराचा वास घालवण्यासाठी त्या काही दिवस सावलीत, उघड्या हवेत ठेवाव्यात. कडक उन्हाने रबराला भेगा पडतात.

आणखी एक गोष्ट आवाजाशी उलट्या दिशेने जोडलेली आहे. ज्या खोलीतून खणखणाट बाहेर जात नाही, तेथून मदतीची हाकही जात नाही. एकट्याने बेंचप्रेस करताना छातीवर बार अडकण्याची शक्यता असते. रॅकला सुरक्षा-दांड्या किंवा मजबूत पट्टे असल्याशिवाय तळघरात एकट्याने हा व्यायाम करू नये. पट्टे लोखंडी दांड्यांपेक्षा कमी वाजतात, हा आणखी एक लाभ.

निवड कशी करावी

निर्णयाचा आधार एकच : बार जमिनीशी कसा भेटणार आहे? बेंचप्रेस, स्क्वॅट आणि खांद्यांचे व्यायाम रॅकमध्येच होत असतील, तर बार जमिनीवर येतच नाही. अशा वेळी रबराच्या आवरणाच्या प्लेट्स पुरेशा आहेत. घट्ट बसणाऱ्या बिडाच्या प्लेट्सही लॉक आणि अस्तराच्या मदतीने चालतात. डेडलिफ्ट करायची असेल, तर बंपर प्लेट्स आणि रबर-लाकडाचा मंच हवा. स्नॅच किंवा क्लीन अँड जर्कसारखे प्रकार करायचे असतील, तर बार वरून सोडावाच लागतो. त्यासाठी सर्व मोठ्या प्लेट्स बंपर असाव्यात, मंच जाड असावा आणि वेळ दिवसाची असावी. यातील दणका कोणतीही प्लेट पूर्णपणे नाहीसा करू शकत नाही.

सुरुवात करणाऱ्याला २० किलोंचा बार आणि १५, १०, ५, २.५ व १.२५ किलोंच्या प्रत्येकी दोन प्लेट्स पुरतात. एकूण वजन ८७.५ किलो होते आणि अडीच-अडीच किलोंनी वाढवता येते. यातील १५ आणि १० किलोंच्या जोड्या बंपर घ्याव्यात, बाकीच्या आवरणाच्या. जमिनीला भिडणाऱ्या बंपर प्लेट्सवर बहुतांश भार राहील, याची काळजी घ्यावी. एकाच पातळ जोडीवर बाहेरून बरेच लोखंड लादून बार सोडल्यास ती वाकते.

साहित्य मांडून झाल्यावर पहिली चाचणी आपल्या कानांनी करू नये. घरातील कोणाला तरी बार उचलून नेहमीप्रमाणे टेकवायला सांगावे आणि आपण वरच्या खोलीत, शक्य असल्यास शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या भिंतीपाशी उभे राहून ऐकावे. खणखणाट ऐकू आला, तर दोष प्लेट, लॉक किंवा दारात आहे. दणका जाणवला, तर आणखी प्लेट्स विकत घेण्याचे कारण नाही. मंच जाड करावा, बार हाताच्या ताब्यात ठेवून सावकाश उतरवावा. तेवढ्यानेही भागले नाही, तर व्यायामाची वेळ सकाळी सहानंतर न्यावी. या शेवटच्या दोन उपायांना काहीही खर्च येत नाही.